आंब्याची वाफ आणि पुंडलिक तांडेल

नवापुरात कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी पुंडलिक तांडेलाच्या ओट्यावर जाते. त्याने पास केली तर गाव घेतं, नापास केली तर विकणारा आल्या रिक्षेने बोईसरला परत जातो. हा अधिकार त्याला कोणी दिला हे मी गेली अडतीस वर्षं शोधतो आहे. मी मूळचा माकुणसारचा, नोकरीपायी इथल्या शाळेवर आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो, पुंडलिकाच्या भिंतीला भिंत लावून. शाळेची जुनी रजिस्टरं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. चौथीत दोनदा नापास झालेला हा माणूस उभ्या गावाला पास-नापास करत बसतो, आणि मी डी.एड. झालेला मास्तर, छत्री घ्यायची झाली तरी त्यालाच विचारतो.

त्याची तपासणीची रीत कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. जाळ्याचा नायलॉनचा दोरा आला की तो दाढेखाली धरून पाच मिनिटं चघळतो. गमबूट आले की त्यांत पाणी भरून दोन दिवस उन्हात ठेवतो, आणि तोवर विकणाऱ्याने थांबायचं. बर्फाची नवी पेटी आली तेव्हा हा स्वतः आत बसला, झाकण लावून घेतलं, अर्ध्या तासाने निळा पडून बाहेर आला आणि म्हणाला, “चालंल.” रेनकोटाच्या वेळी त्याने हिरावहिनींना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, तो घालून अंगणात उभं केलं आणि वरून दोन हंडे पाणी ओतलं. रेनकोट पास झाला. हिरावहिनी चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण ते त्याने तपासणीत धरलं नाही.

हसू नका. या माणसाने चौदाव्या वर्षी दर्यात पाय टाकला, बत्तिसाव्या वर्षी बळवंतशेटच्या होडीचं सुकाणू हातात घेतलं आणि सत्तावीस वर्षांत एकही माणूस गमावला नाही. गाव त्याचं ऐकतं ते त्यासाठी. सुकाणू हातात आहे तोवर तो तांडेल. ते गेलं की माणूस घरी बसतो, बायकांबरोबर वलांडीच्या, म्हणजे बांबूच्या मांडवाच्या, दोऱ्यांवर बोंबील वाळत घालतो, आणि लोक त्याला नुसतं पुंडलिक म्हणतात. मग त्याच्या ओट्यावर गमबूट तपासायला कोण आणतं?

आणि सुकाणू जायची वेळ आली होती. कारण बिडी. दिवसाला दीड बंडल, असं पंचेचाळीस वर्षं. सकाळी हा खोकायला लागला की माझ्या घरातली भांडी वाजायची. दिवाळीनंतर तर तो होडीवर दोर ओढता ओढता मधेच बसायला लागला. बळवंतशेटने एकदा बघितलं, दोनदा बघितलं आणि माघात सरळ सांगितलं, “पुंडलिक, शिमग्यापर्यंत खोकला थांबला नाय तं सुकाणू रूपेशकडं.” रूपेश हा बळवंतशेटचा पुतण्या. त्याच होडीवर इंजिन बघायचा आणि उरलेल्या वेळात मोबाईल. पुंडलिक त्याला माणसांत धरत नव्हता, त्यामुळे हे त्याला फारच लागलं.

अशा वेळी जावई धावून आला. जावई म्हणजे मेहुल. सरावलीला दोन खोल्यांत राहतो, आधी तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होता. ते काम सुटल्यावर बोईसर स्टेशनच्या बाहेर मोबाईलची कव्हरं, इयरफोन असलं विकायला लागला. दिसायला चुणचुणीत, बोलायला गोड. त्याचं डोकं कायम तिसऱ्याच्या खिशात असतं. एका रविवारी तो आला आणि त्याने सासऱ्याच्या हातात बोटभर लांबीची एक पिवळी कांडी ठेवली.

“मामा, बिडी सोडा. ही ओढा. धूर नाय, राख नाय, काडेपेटी नाय. नुसती वाफ. आंब्याची.”

जावयाने दिलेली वस्तू नाकारता येत नाही. पुंडलिकाने ती उलटसुलट करून पाहिली, नखाने खरवडली, कानाशी हलवली आणि भिंतीवरून मला हाक मारली. खोक्यावर सगळं इंग्रजीत होतं. मी चष्मा लावून वाचलं. फक्त प्रौढांसाठी. निकोटीन पाच टक्के. तीन हजार झुरके. संपल्यावर फेकून द्यावी. बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, तारीख नव्हती. एरवी बिस्किटाच्या पुड्यावर तारीख नसेल तर हा माणूस दुकानदाराच्या सात पिढ्या काढतो.

“पाच टक्के काय म्हणलात?”

“निकोटीन. बिडीतलं विष तेच.”

“म्हंजे पंच्याण्णव टक्के चांगलं,” पुंडलिक म्हणाला. चौथीत दोनदा का राहिला हे मला त्या क्षणी पुन्हा एकदा कळलं.

मी सांगितलं की अरे बाबा, आपल्या देशात ही विकायला बंदी आहे, कायदा आहे तसा. मेहुल हसला. “मास्तर, बंदी दुकानात हाय. दर्यात कोन बघायला येतंय?” मग त्याने खरं पोटातलं बाहेर काढलं. गावात चाळीस होड्या. होडीवर पाच-सहा माणसं, सगळी बिडीवाली. वाऱ्यात एक बिडी पेटवायला चार काड्या जातात. मामांनी ही पास केली की प्रत्येकाच्या खिशात एक कांडी. कंपनीची महाग असते, ही स्वस्तातली आहे, गरिबाला परवडणारी. गरिबांचा एवढा कळवळा मी निवडणुकीनंतर प्रथमच ऐकला.

पुंडलिकाने दोन रविवारांची मुदत मागून घेतली. पुढच्या पुढच्या रविवारी मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या शेडमध्ये निकाल सांगतो, म्हणाला. त्याच्या डोळ्यांत तपासणीचं तेज होतंच, पण त्याला शिमगा दिसत होता हेही मला दिसत होतं. ही कांडी पास व्हायला हवी होती, आणि ती गावासाठी नव्हे.

तपासणी सुरू झाली. पहिल्या दिवशी तो बंदरावर वाऱ्यात तोंड करून उभा राहिला आणि बघणाऱ्यांच्या देखत बारा झुरके मारले. काडी लागली नाही. पास. दुसऱ्या दिवशी खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या हातांनी ओढली. पास. तिसऱ्या दिवशी होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, फळीवर टाकली, एकदा नव्हे, पाचदा. फुटली नाही. पास. चौथ्या दिवशी सुक्या बोंबलांच्या टोपलीत रात्रभर पुरून ठेवली, वास धरते का बघायला. धरला. पुढचे दोन दिवस आंब्याला बोंबलाचा वास येत होता आणि पुंडलिक म्हणत होता की आता जरा बरी लागते.

चवीबद्दल त्याचं मत स्वतंत्र होतं. डोळे मिटून, जीभ टाळूला लावून तो बराच वेळ बसला. “मास्तर, हा हापूस नाय. पायरी नाय. आपला रायवळ तं नायच नाय. हा आंबा झाडाला लागलाच नाय कदी.” मी म्हटलं, मग नापास कर. तर म्हणाला, “बिडीत तरी कुटं आंबा होता?”

खोकला मात्र कमी झाला. मला हे सांगताना जड जातं, पण झाला. माझी भांडी सकाळी वाजेनाशी झाली. बळवंतशेटने बंदरावर त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पुंडलिक त्या दिवशी छाती काढून चालला. छातीच्या आत काय चाललं होतं ते तपासायला त्याच्याकडे टोपली नव्हती, हंडा नव्हता.

एक गोष्ट हिरावहिनींच्या ध्यानात आली. त्या माझ्या बायकोपाशी बोलत होत्या ते मी ऐकलं. “बिडी होती तवा बाहेर जाऊन वढायचे. वढून झाली की उठायचे, कामाला लागायचे. ही वढून होतच नाय. जेवताना हातात, देवापुडं हातात, गोधडीत हातात. मी इचारलं किती झाल्या, तं म्हनतात हिच्यात मोजायचं नसतं.” माझी बायको म्हणाली, धूर तरी नाही ना घरात. मीही फार विचार केला नाही. करायला हवा होता.

आता त्या होडीवरची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इथलं डोलीचं जाळं म्हणजे एक लांबलचक पिशवी. ती दर्यात रोवलेल्या खांबांना बांधतात. भरतीचं किंवा ओहोटीचं पाणी जोरात वाहतं आणि मासळी पिशवीत भरत जाते. मग थोडा वेळ पाणी उभं राहतं. ना इकडे, ना तिकडे. तेवढ्यात जाळं वर घ्यायचं. उशीर झाला आणि पाणी उलटं फिरलं की पिशवी आतली बाहेर होते, पिळली जाते, फाटते. ही वेळ धरणं म्हणजेच तांडेल असणं. प्रत्येकाची रीत वेगळी. पुंडलिकाची रीत बिडीची. पाण्याचा जोर मोडायला लागला की तो पहिली पेटवायचा, तिच्यावर दुसरी. दुसरीचं थोटूक पाण्यात टाकलं की पुढे नाळेवर बसलेल्या खलाशाने दोर ओढायला घ्यायचा. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून थोटूक हीच इशारत. बाकीचे त्या खलाशाला बघून हात लावायचे.

नाळेवरचा तो खलाशी नवशा. विक्रमगडच्या पुढच्या एका पाड्यावरचा. डोंगराच्या उतारावर भात आणि नागलीचा तुकडा आहे, पावसावर पिकतो. भात झोडून झालं की दिवाळीनंतर हा नवापूरला येतो आणि पावसाच्या आधी परत जातो. बारा वर्षं पुंडलिकाच्याच होडीवर, पुंडलिकाच्याच घरी जेवण. कमी बोलणारा माणूस. बारा वर्षांत त्याने थोटकावरची नजर हलवली नव्हती.

नव्या जाळ्याची वाट बघत किनाऱ्याला लागलेली होडी निकालाच्या आधीच्या गुरुवारी सकाळी, कांडी आल्यापासून पहिल्यांदाच, दर्यावर गेली. पाण्याचा जोर मोडायला लागला. पुंडलिक मागे सुकाणूवर बसला होता, तोंडात कांडी. नवशा नाळेवर दोर धरून मागे बघत होता. रूपेश इंजिनापाशी मोबाईल बघत होता. पाणी उभं राहिलं. पुंडलिकाने झुरका मारला. आणखी एक मारला. पाणी उभंच होतं. त्याने आणखी किती मारले ते त्यालाही सांगता यायचं नाही, कारण ती जळून लहान होत नव्हती, बोटाला चटका देत नव्हती, तिचं थोटूक होत नव्हतं. तो आंब्याच्या वाफेत आरामात बसला होता. नवशा बघत होता. पाणी फिरलं. खांब करकरले, दोर ताणला, आणि बळवंतशेटचं नवं कोरं जाळं मधोमध फाटून मासळी आल्या वाटेने निघून गेली.

पुंडलिक ओरडला तो नवशावर.

बंदरावर बळवंतशेट उभाच होता. फाटकं जाळं वाळूवर पसरलं, आणि त्याने विचारलं, “कुनाच्यान झालं?” सुकाणूवरच्या माणसाला हा प्रश्न विचारला की उत्तर काय द्यायचं असतं हे पुंडलिक सत्तावीस वर्षं जाणत होता. तरी तो म्हणाला, “नवशा झोपला.”

रूपेशने वर पाहिलं नाही. त्याने होडीवरही काही पाहिलं नव्हतं. नवशा फाटकं जाळं गोळा करायला वाकला. डोंगरातल्या माणसाला दर्यावर चूक करायचा अधिकार सगळ्यांच्या आधी मिळतो. बळवंतशेट म्हणाला, उद्यापासून नको येऊ. विषय संपला, लोक चहाला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवशा माझ्याकडे आला. त्याच्या मुलीच्या आश्रमशाळेचा एक अर्ज मी लिहून ठेवला होता, तो न्यायला. खांद्याला पिशवी होती. मी रागावून विचारलं, “झोपलास कसा रे तू?”

“झोपलो नाय, मास्तर.”

“मग?”

“तांडेलांनी थोटूक नाय टाकलं. मी बघत होतो. मला वाटलं दुसरी बिडी संपली नसंल अजून.” आणि मग त्याने स्वतःच मान हलवली. “चुकलंच माझं. मला कळायला पायजे होतं, ती बिडी नव्हती.”

तो चूक स्वतःकडे घेऊन अर्जाची घडी करत होता. मी पन्नास-पन्नास पोरांचे वर्ग सांभाळले, खोटं बोलणाऱ्याचे कान पिळले, पण खरं बोलणाऱ्याला माफी मागताना बघून काय करायचं हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. तो गेला. मी तसाच पुंडलिकाच्या ओट्यावर चढलो.

तो बसला होता, हातात कांडी. हिरावहिनी अंगणात मांदेली निवडत होत्या. मी म्हटलं, “पुंडलिक, काल तू थोटूक टाकलंस का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. एक झुरका मारला. आंब्याचा वास आला, बोंबलाचा आला. “नाय टाकलं,” तो म्हणाला. “जाळं फाटलं तवा नवशाच्या तोंडाकडं बघितलं. तवाच कळलं मला.”

“तेव्हाच कळलं आणि तरी बळवंतशेटला त्याचं नाव सांगितलंस?”

“सुकाणू जाईल, मास्तर. खोकला आत्ता कुटं थांबलाय.”

मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण हिरावहिनी आधी बोलल्या. मांदेलीवरचा हात न थांबवता. “तुमचं सुकाणू ऱ्हाईल आनि त्याच्या पोरांच्या तोंडचा घास जाईल. बारा वर्स माझ्या हातचं जेवलाय तो. उद्या त्याच्या ताटात कोनाला वाडू?”

मी आणखी बरंच बोललो, आता आठवत नाही आणि आठवलं तरी छापण्यासारखं नाही. जाताना एवढंच म्हणालो की रविवारी निकाल आहे, तू परीक्षक आहेस, बघ काय ते.

रविवारी बर्फाच्या शेडमध्ये साठेक माणसं जमली. एवढी माणसं ग्रामसभेला कधी आलेली नाहीत. बळवंतशेट खुर्चीवर. मेहुल दोन फुगलेल्या पिशव्या घेऊन दाराशी, चेहऱ्यावर लग्नातल्या करवल्यासारखा आनंद. दाराबाहेर बायका माशांच्या पाट्या घेऊन उभ्या, त्यांत हिरावहिनी.

पुंडलिक उभा राहिला. “वाऱ्यात चालते. पास. खाऱ्या हाताला चालते. पास. पडली तं फुटत नाय. पास.” मेहुलने पिशवीची गाठ सोडली. “आंबा खोटा हाय. पन बिडीत तं खोटापन नव्हता.” लोक हसले. पुंडलिक हसला नाही. त्याला खोकल्याची उबळ आली, ती त्याने दाबली. मग तो दाराकडे बघून बोलायला लागला.

“आता ऱ्हायलं एक. बिडी संपते. माणूस उठतो. ही संपत नाय आन माणूस उठत नाय. गुरुवारी जाळं फाटलं ते नवशाच्यान नाय. नवशा दोर धरून बसला होता. इशारत मी द्यायची होती. मी ही वढत बसलो. पानी फिरलं ते मला कळलं नाय. आन मी बंदरावर खोटं बोललो.” शेडमध्ये बर्फ ठिबकत होता. “कांडी नापास. आन माझंबी तेच.”

“सुकाणूचं काय मग?” बळवंतशेटने विचारलं.

“ते तुमी ठरवा.”

बळवंतशेटने ठरवायला वेळ घेतला नाही. त्याने ते दिवाळीलाच ठरवलं होतं, आता फक्त कारण हाती आलं. सुकाणू रूपेशकडे गेलं. नवशाला परत बोलवा, हेही तोच म्हणाला, म्हणजे मोठेपणाही त्यालाच मिळाला. साठ माणसांतल्या एकानेही पुंडलिकाला बरं केलंस म्हटलं नाही. दोघे-तिघे मात्र शेडच्या मागच्या बाजूला जाऊन मेहुलकडून एकेक कांडी घेऊन आले, निकाल लागून दहा मिनिटं झाली नव्हती. मेहुल सासऱ्याला म्हणाला, “निदान मला आधी सांगायचं होतं, मामा.” आणि पिशव्या घेऊन शेजारच्या गावांना निघून गेला. तिकडे पुंडलिक नाही, त्याचा माल चांगला खपला असं ऐकतो.

नवशाला फोन करून बोलवता आलं असतं. पुंडलिक म्हणाला, मी जाऊन आणतो. मंगळवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे निघालो. विक्रमगडच्या पुढे रस्ता संपला तिथून पाडा अर्ध्या तासाच्या चढावर होता. आम्हाला दोन तास लागले. पुंडलिक पन्नास पावलं चालायचा आणि झाडाला धरून उभा राहायचा. चेहरा राखेसारखा. कांडी त्याने घरी ठेवली होती, की संपली होती, मी विचारलं नाही. शिट्टी वाजावी तसा त्याचा श्वास वाजत होता आणि मला पहिल्यांदाच त्याच्या छातीची भीती वाटली.

नवशा खळ्याचं कुंपण बांधत होता. आम्हाला बघून त्याने आधी पाणी आणलं. पुंडलिक पाणी न पिता म्हणाला, “नवशा, चुकलं माझं. मी खोटं सांगितलं. चल परत.”

नवशाला अवघडल्यासारखं झालं. “मी पन दोर वढायला पायजे होता, तांडेल. पानी फिरताना मला दिसत होतं.”

“दिसत होतं? मग वढला का नाय?”

“तुमी होतात ना,” नवशा म्हणाला.

पुंडलिकाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सत्तावीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस कुंपणाकडे तोंड करून रडला. मी आणि नवशा दुसरीकडे बघत बसलो.

उतरताना नवशाने त्याला धरून आणलं. आता होडीवर दोर कधी ओढायचा ते कोण सांगणार, असं त्याने विचारलं तेव्हा पुंडलिक म्हणाला, “रूपेश. मोबाईलचा गजर वाजवंल.” दोघे थोडे हसले. मनोरवरून आम्ही दुपारी बोईसरला आलो. स्टेशनबाहेर नवापूरच्या रिक्षेला एक माणूस कमी होता. पुंडलिक म्हणाला, जरा जाऊन येतो, आणि गर्दीत गेला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मी शोधायला निघालो, नवशा मागे.

मोबाईलच्या कव्हरांच्या एका टपरीपाशी तो उभा होता. मेहुलची नव्हे, दुसऱ्याच कोणाची. टपरीवाला वाकून खालच्या खोक्यात हात घालत होता. “आम खतम हो गया, चाचा. तरबूज है, चलेगा?” पुंडलिकाने मान हलवली. कांडी हातात आली, त्याने पैसे ठेवले आणि वळला. समोर आम्ही दोघे.

परवा साठ माणसांपुढे काय बोललास, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. “नापासच हाय ती, मास्तर,” तो म्हणाला. “गावाला खोटं नाय सांगितलं मी. पन सुटत नाय.” मी त्याचा दंड धरला आणि त्याला रिक्षेकडे घेऊन आलो.

रिक्षेत तो मधे बसला. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नवशा. नवशा बराच वेळ त्या हिरव्या कांडीकडे बघत होता. मग त्याने अगदी साधेपणाने विचारलं, “तांडेल, ही कवा संपंल?”

“म्हाईत नाय रे,” पुंडलिक म्हणाला, आणि त्याने ती तोंडाला लावली.